भिंतीपलीकडचं पीठ

३ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीने शाळेत सांगून ठेवलंय — माझी आई ब्रेड बनवते. झालं!

वहीत बाईंची चिठ्ठी. एकोणीस तारखेला, गुरुवारी, पालकांनी वर्गात येऊन आपापलं काम मुलांना दाखवायचं. कुणाचे वडील आगीच्या बंबावर आहेत, ते हेल्मेट आणणार. कुणाची आई दातांची डॉक्टर. आणि माझ्यापुढे बाईंच्या सुबक अक्षरात — ‘घरी केलेला ब्रेड आणावा व कसा करतात ते सांगावे.’

मी ब्रेड बनवत नाही. मी ब्रेड गुंडाळते. एकोणीस वर्षं झाली. पट्ट्यावरून कापलेला ब्रेड येतो, मी पिशवीत सारते, पिशवीचं तोंड पिरगाळते, चिमटा लावते. पुढचा. कारखान्याच्या मधोमध एक भिंत आहे. पलीकडे पीठ, पाणी, भट्ट्या. अलीकडे आम्ही बारा जणी. ब्रेड माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचं सगळं होऊन गेलेलं असतं. मी फक्त त्याला अंगरखा घालते आणि दाराबाहेर काढते.

भिंगरीला विचारलं, असं का सांगितलंस? ती बुटाची नाडी सोडत बसली. सोडून झाली तरी सोडतच होती.

हे म्हणाले, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, बाईंना दोन ओळी लिही, गैरसमज झाला म्हणून. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग कर की. सोळा दिवस आहेत.”

४ फेब्रुवारी, बुधवार

चिठ्ठी लिहिली. दप्तरात ठेवली. परत काढली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज भिंतीपलीकडे गेले! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच झाकला आणि मधल्या दारातून सरळ आत. बाप रे, काय ऊब! आमच्याकडे पंखे आणि कागदाची सळसळ, तिकडे सगळी हवाच मऊ. पिठाचे मामा एका स्टुलावर बसून केळं खात होते. सगळे त्यांना पिठाचे मामाच म्हणतात, भुवयासुद्धा कायम पांढऱ्या — पिठाने की वयाने, कुणी सांगावं. तीस वर्षं तेच पीठ भिजवतात.

मी म्हटलं, मामा, घरी एक ब्रेड करायचाय. एकच? म्हणाले. मला पोत्याचा हिशोब येतो, एकाचा नाही. तरी पिठाच्या पिशवीचा तुकडा फाडला, कानावरची पेन्सिल काढली आणि सगळ्याला दोनशेने भागलं. अर्धा किलो मैदा. दहा ग्रॅम मीठ. तीनशे दहा ग्रॅम पाणी, तेही वजन करून, पेल्याने नाही. कोरडं यीस्ट एक लहान चमचा. मग थांबून खाली एक ओळ घातली — ‘घाई करू नये.’ कोपऱ्यातला पोचा आलेला एक साचा दिला, भंगारात जाणारच होता.

परतताना दारातच सुपरवायझरबाई. माझ्यानंतर वर्षाने लागल्या होत्या त्या, माझ्याच शेजारी उभ्या राहून पिशव्या भरायच्या. आता काचेच्या खोलीत बसतात. साच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “तुझं काम भिंतीच्या अलीकडे आहे.” आवाज चढवला नाही. चढवत नाहीतच कधी. तेच जास्त लागतं.

८ फेब्रुवारी, रविवार

वीट.

दुसरा शब्द नाही. नणंदेने घर बदलताना दिलेला ओव्हन, ज्यात मी इतकी वर्षं कढया कोंबत होते, तो रिकामा केला, पुसला, आतली खरकटी खरवडली. वजनकाटा मांडला. मोठ्या थाटात मैदा भिजवला. फडकं झाकलं. तासाने बघितलं — जसाच्या तसा. दोन तासांनी — तसाच. म्हटलं, ओव्हनमध्ये फुगेल. फुगतंय कशाला!

यांनी ब्रेड हातात घेऊन तोलला. म्हणाले, गच्चीचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला लावायला उत्तम. सासूबाईंनी कवळी काढूनच ठेवली, म्हणाल्या धोका नको. मला हसूच आलं.

भिंगरीने मात्र एक तुकडा तोडला. चावला. बराच वेळ चावला. मग म्हणाली, कड चांगली झालीये.

दुपारी केस विंचरताना तिने आपणहून सांगितलं. वर्गातली ती डॉक्टरीणबाईंची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली होती, हिची आई नुसत्या पिशव्या भरते. म्हणून ही म्हणाली, बनवते. “मला दुसरं काही सुचलंच नाही गं,” म्हणाली.

मी वेणी घट्ट घातली. जरा जास्तच घट्ट.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाणी फार गरम होतं. मामा म्हणाले, यीस्ट मारलंस तू. तान्ह्या बाळाला आंघोळ घालशील तेवढंच ऊन हवं. म्हणजे मी काल बसून पिठाची राखण करत होते, आणि आत सगळे केव्हाच गेलेले!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज फुगलं! फुगलं!! कामावरून आले, हातपाय धुतले आणि लगेच भिजवलं. पाणी मनगटावर थेंब टाकून बघितलं. तासाभरात फडकं वर उचललं गेलं. मी भिंगरीला हाक मारली, दोघी वाकून बघत बसलो. बोट टोचलं की खळगा पडे आणि हळूहळू भरून येई. जिवंत!

मग भिंगरीचा गृहपाठ घेत बसले. भागाकार. त्या भागाकारात पिठाचा विसर पडला. उठून बघते तो पीठ भांड्यातून बाहेर, ओट्यावर, कडेने खाली ओघळतंय. तसंच गोळा करून साच्यात घातलं, भाजलं. आधी फुगा, मग ओव्हनमध्येच खाली बसला. मधे खड्डा. आंबूस वास.

पण दगड नव्हता. सासूबाईंनी दुधात भिजवून खाल्ला. म्हणाल्या, परवाच्यापेक्षा माणसात आलाय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

खांद्यापासून मनगटापर्यंत ठणका. पिशव्या भरायला वेगळा हात लागतो, मळायला वेगळा. हा दुसरा हात माझ्याकडे होता हेच माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा वरून इतका सुंदर होता! तपकिरी, डौलदार, घुमटासारखा. मी यांना, सासूबाईंना, सगळ्यांना बोलावून रांगेत उभं केलं. सुरी घातली — आत कच्चा. सुरीला चिकट लगदा.

हे म्हणाले, अगं सांग ना खरं काय ते, लाज कसली त्यात? मी लिफ्ट दुरुस्त करतो, लिफ्ट बनवली मी थोडीच?

मला इतका राग आला. म्हटलं, तुम्हाला कुणी म्हणालं नाही ना, नुसती बटणं दाबतो म्हणून. सुरी सिंकमध्ये टाकली, जोरात. भिंगरी दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं रडले. ब्रेडसाठी नाही. एकोणीस वर्षं मी त्या भिंतीला पाठ लावून उभी आहे आणि पलीकडे काय चाललंय हे मला कधी विचारावंसंसुद्धा वाटलं नाही, त्यासाठी.

बाहेर आले तर यांनी सुरी धुऊन ठेवलेली. भिंगरीने तो लगदा वेगळा काढून शिजलेली कड एका बशीत मांडलेली. कड खाल्ली सगळ्यांनी.

मग मी भिंगरीला जवळ घेऊन सांगितलं, ब्रेड मी करीन. पण वर्गात खोटं बोलणार नाही. मी काय काम करते तेही सांगणार. तिचा चेहरा पडला. तिने विचारलं, मग तो ब्रेड कशाला?

१५ फेब्रुवारी, रविवार

झाला! झाला झाला झाला!

नीट लिहिते. कायमचं लिहून ठेवायचंय.

सकाळी सगळे पेपर वाचत होते तेव्हा सुरुवात केली. सासूबाई आज स्टूल ओढून ओट्यापाशीच बसल्या, समोर घड्याळ. दहा मिनिटं मळून मी थांबले, घामाने डबडबले होते. त्यांनी गोळा चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, अजून. त्यांनी आयुष्यात ब्रेड केलेला नाही, पण पिठाची बाईमाणसाला जाण असते म्हणे. पुन्हा मळलं. अजून, म्हणाल्या. मामांनी सांगितलं होतं, तुकडा हळूहळू ताणायचा, फाटता कामा नये, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. सतराव्या मिनिटाला खिडकीशी नेऊन ताणला — आणि दिसला. त्या पातळ पापुद्र्यातून समोरच्या घराची खिडकी, त्यात वाळत घातलेला निळा शर्ट. मी सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, माझा चष्मा आण. चष्मा लावून परत बघितला.

मग फडकं. यावेळी तिथून हलले नाही. दुप्पट झाल्याबरोबर हवा काढली, वळकटी केली, साच्यात घातली, पुन्हा झाकली. साच्याच्या काठावर बोटभर आल्यावर ओव्हनमध्ये. काचेतून बघत चौघं जमिनीवर बसलो, हे सुद्धा, गुडघे दुखतात तरी.

अर्ध्या तासाने असा वास सुटला! कारखान्यात वास असतोच, पण तो आमच्या अंगाला इतका मुरलाय की येत नाही. हा आला. जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून विचारलं, कुणाकडे काय आहे?

बाहेर काढला. उलटा केला. बुडावर बोटाने टकटक केलं — पोकळ, दारावर वाजवल्यासारखा आवाज. मामा म्हणाले होते, असा वाजला की झाला. गार होईपर्यंत कापू नये असंही म्हणाले होते. ते कुणाला जमतंय! कापला. आत पांढरी, ओलसर नाही, कोरडी नाही, मऊ जाळी. दाबली की परत वर येते. लोणी लावलं तर पाझरून खाली.

सासूबाईंनी तीन काप खाल्ले. कवळी लावून. यांनी शेवटची कड उचलली, चावली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “गच्चीच्या दाराला आता दुसरं काहीतरी बघावं लागणार.”

यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दोन काप कागदात बांधून नेले. मामांनी आधी दाबून बघितला, मग वास घेतला, मग उजेडात धरला. खाल्ला सगळ्यात शेवटी. म्हणाले, जाळी बरी आहे. त्यांचा मदतनीस मागून हळूच म्हणाला, मला सहा वर्षांत एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

दुसरा काप सुपरवायझरबाईंच्या काचेच्या खोलीत नेला. का नेला कोण जाणे. बहुतेक फुशारकी! त्यांनी वर बघितलं. घरी केलास? विचारलं. हो म्हटलं. त्यांनी काप टेबलावर ठेवला आणि पुन्हा कागदांत मान घातली. मी उभी राहिले, मग आले परत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्यासाठी दोन ब्रेड. भाजायला ठेवले, बारा मिनिटं झाली आणि वीज गेली. ओव्हनचा दिवा गेला, पंखा थांबला.

हे अंगातला कामाचा शर्टही न काढता हत्यारांची पेटी उचलून खाली पळाले. मी ओव्हनचं दार दोन्ही हातांनी दाबून धरलं, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. ओव्हन बंद असताना दार दाबून काय होणार, पण दाबलं. खालच्या मीटरच्या बोर्डावरची तार सैल झाली होती म्हणे. आठ मिनिटांत वीज आली. हे वर आले ते धापा टाकत. म्हणाले, आपल्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हाही मी इतका धावलो नव्हतो.

एक ब्रेड ठीक. दुसरा एका बाजूला कलला आहे, खांद्यावर मान टाकून झोपल्यासारखा. असू दे. दोन्ही नेणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

वर्गातल्या खुर्च्या इतक्या बुटक्या की गुडघे हनुवटीला. माझ्या आधी बंबवाले. हेल्मेट सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरलं, शिडीच्या गोष्टी झाल्या, मुलं हरखून गेलेली. मग डॉक्टरीणबाई, हातात मोठा प्लास्टिकचा जबडा. नंतर मी — पिशवीत दोन ब्रेड, एक भांडं, वर फडकं.

उभी राहिले. पाठ केलेलं सगळं गेलं. भिंगरी दुसऱ्या रांगेत, बाकाची कड घट्ट धरून बसलेली. मग एकदम तोंडातून आलं ते असं —

“मी ब्रेड बनवत नाही. मी ब्रेड गुंडाळते. एकोणीस वर्षं. सोळा दिवसांपूर्वी मला एक ब्रेडसुद्धा करता येत नव्हता.”

बाईंनी चष्मा वर केला. मी सांगत गेले. वीट झाली ते सांगितलं, गच्चीच्या दाराचं सांगितलं. पीठ ओट्यावरून पळालं ते सांगितलं, तेव्हा मुलं हसायला लागली. सासूबाईंची कवळी सांगितली, तेव्हा बंबवालेही हसले. पिशवी कशी भरतात तेही करून दाखवलं. सारा, पिरगाळा, चिमटा — मिनिटाला बावीस, म्हटलं. एक मुलगा म्हणाला, खोटं. मग घड्याळ लावून केलं. मोकळ्या पिशव्या, वर्गातल्या वह्या भरल्या. तेवीस झाल्या!

मग फडकं काढलं. सकाळी भिजवलेलं पीठ तोवर टम्म फुगलेलं. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा दिला. अठ्ठावीस मुलं एकदम मळायला लागली. बाकं पांढरी, नाकं पांढरी. बंबवाल्यांनीही हात पुढे केला, त्यांनाही दिला.

डॉक्टरीणबाईंच्या मुलीने हात वर केला. म्हटलं, आली कंबख्ती. तिने विचारलं, मग एकोणीस वर्षं का नाही केलात?

म्हटलं, “कुणी मागितला नव्हता. आणि मलाही करावासा वाटला नाही.”

तिने मान डोलावली, एखाद्या मोठ्या बाईसारखी. मग गोळा माझ्यासमोर धरून विचारलं, बरोबर ताणलाय का? मी उजेडात धरून बघितला. अजून मळ, म्हटलं.

दोन्ही ब्रेड पाच मिनिटांत साफ. वाटायचं काम भिंगरीकडे. काप देताना प्रत्येकाला सांगत होती, हा कललेला आहे, हा वीज गेली तेव्हाचा. शेवटी बाईंसाठी फक्त कड उरली. त्यांनी ती फळ्याकडे तोंड करून खाल्ली.

घरी येताना रिकामं भांडं भिंगरीने धरलेलं. रागावलीस का, विचारलं. नाही म्हणाली. वळणावर आल्यावर म्हणाली, “पण मी सांगितलं तेव्हा ते खोटं होतं. आता नाहीये.” आणि पुढे पळाली.

मी चौकात उभी राहून एकटीच हसत होते. लोक बघत होते. बघू देत!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून आले आणि झोपले. उठले तर संध्याकाळचे पाच वाजलेले, भिंगरीने स्वतःच पीठ भिजवून ठेवलेलं. अर्धं फरशीवर. ओरडले नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

वरच्या आजोबांसाठी एक, आमच्यासाठी एक. आता पाण्याला हात लावूनच कळतं. सासूबाई घड्याळ आणतच नाहीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पॅकिंगचं मशीन येतंय. सकाळी कारखान्यातल्या फळ्यावर कागद लागला — मार्चअखेर कामावरून कमी, तेरा नावं. बारा आम्ही. माझं चौथं. तेरावं सुपरवायझरबाईंचं.

संध्याकाळी दार वाजलं. त्याच. हातात मैद्याची पिशवी, अजून न फोडलेली. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “शिकवशील का?”

म्हटलं, हात धुऊन घ्या.